टांगा स्टँडवर फोडलेली मडगार्डं

आमच्या रिक्षाची मडगार्डं फोडली ती भर दुपारी, स्टेशनबाहेरच्या टांगा स्टँडवर. माझे सासरे तेव्हा तिथेच होते, आपल्या टांग्यावर बसलेले. त्यांनी सगळं पाहिलं, आणि कधीच कोणाचं नाव घेतलं नाही.

सासऱ्यांनी जन्मभर वसईत टांगा चालवला. स्टेशनपासून गावात, गावातून किल्ल्याकडे. कोर्टाच्या तारखेला आलेली माणसं, बाजाराला आलेल्या बाया, चर्चमध्ये मिस्साला निघालेली कुटुंबं, सगळी त्यांच्या टांग्यात बसलेली. माझं माहेर जवळच्या होळी गावचं, बागायतीचं. लग्न होऊन आले तेव्हा घरात सासू नव्हती. सासरे, माझे यजमान आणि मागच्या पडवीत घोडा, एवढाच संसार. यजमानांना टांगा धरायचा नव्हता. ते मुंबईला गॅरेजात काम शिकून आले होते. वसईत रिक्षा दिसायला लागल्या तशी त्यांनी एक जुनी रिक्षा विकत घेतली. माझ्या वडिलांनी त्यात हातभार लावला, म्हणून सासरे तिला कधी ‘आपली’ म्हणाले नाहीत. ‘होळीवाल्यांची गाडी’ म्हणायचे. तेही मला ऐकू जाईल अशा आवाजात.

गाडी खूप जुनी होती. आधीच्या मालकाने गंजलेली पत्र्याची मडगार्डं काढून तिन्ही चाकांवर प्लास्टिकची बसवली होती. काळी, गुळगुळीत. हे म्हणायचे, बरंच झालं, इथल्या खाऱ्या हवेत पत्रा टिकतोय कुठे. रोज सकाळी ओल्या फडक्याने ती पुसायचे. एरवी गाडीला रंग नव्हता धड, पण मडगार्डं चकचकीत.

टांगेवाल्यांना रिक्षा खुपत होत्या. त्यांचंही खोटं नव्हतं. घोड्याला चारा रोज लागतो, गिऱ्हाईक मिळो न मिळो. पण दुसऱ्या रिक्षावाल्यांना ते नुसत्या शिव्या द्यायचे. यांच्यावरचा राग वेगळा होता. टांगेवाल्याचा मुलगा रिक्षा घेतो, म्हणजे घरातूनच दगा, असं त्यांनी धरलं.

त्या दुपारी एका म्हाताऱ्या बाईंचं गाठोडं घेऊन हे स्टेशनच्या पुलाच्या पायऱ्या चढून गेले. परत आले तर तिन्ही मडगार्डं फुटलेली. पहारीने मारल्यासारखी. काच नाही, टप नाही, दुसरं काही नाही, फक्त मडगार्डं. पावसाचे दिवस होते आणि मारणाऱ्यांना ठाऊक होतं की चिखल उडवणाऱ्या रिक्षात कोणी बसत नाही. समोरच्या चहावाल्याला यांनी विचारलं. तो म्हणाला, “मला कशाला मध्ये घेता? तुमच्या वडिलांना विचारा, ते समोरच बसले होते.”

संध्याकाळी सासरे घरी आले. घोडा बांधला, पाय धुतले. हे ओट्यावर वाटच बघत बसले होते.

“बाबा, कोण होते?”

“मना काय दिसलं नाय. मी घोड्याला पानी पाजत होतो.”

“चहावाला म्हणतो तुम्ही टांग्यावर बसून बघत होता.”

“मग त्यालाच विचार कोन होते ते.”

“पोलिसात जायचं तर साक्षीदार लागतो, बाबा. तुम्ही नुसतं नाव सांगा.”

सासरे उठून आत आले आणि मला म्हणाले, “पोरी, वाढ.” मी वाढलं. ते जेवले. हे ओट्यावरच बसून राहिले. हाकही मारली नाही त्यांनी यांना.

नवीन मडगार्डं लगेच मिळणार नव्हती. म्हणून आम्ही दोघांनी फुटकी जोडायला घेतली. दाभण चुलीत लाल करून हे चिरांच्या दोन्ही कडांना भोकं पाडायचे, मी त्यातून तांब्याची तार ओवून पिळून घ्यायची. गोधडी शिवावी तसं ते काम. मग आतल्या बाजूने जुन्या बादलीचे तुकडे ठेवून तापल्या उलथन्याने वितळवून चिकटवायचे. माझं उलथनं त्यात वाया गेलं. त्या जळक्या वासाने डोळ्यांना पाणी यायचं, अन्नालाही तो वास लागला. सासरे पलीकडे घोड्याला खरारा करत असायचे. आमच्याकडे पाठ करून. एकदा म्हणाले, “घोड्याला तरास होतो ह्या धुराचा.” यांनी दाभण पुन्हा चुलीत घातला.

जोडलेली मडगार्डं बसवून रिक्षा पुन्हा रस्त्यावर आली. दिसायला वाईट, टाके घातलेल्या जखमेसारखी. गिऱ्हाईकं बघायची आणि पुढच्या रिक्षाकडे जायची. तरी काही बसायची.

सप्टेंबरात मारियामातेचा सण आला. मी माहेरची फुलं घेऊन बाजारात विकायला बसले होते. यांच्या रिक्षात एक ख्रिस्ती कुटुंब होतं, नवरा-बायको आणि त्यांची लहान मुलगी. मुलीच्या अंगात पांढराशुभ्र फ्रॉक, डोक्यावर फुलांचं चक्र. माझ्यासमोरच नाक्यावरच्या डबक्यातून गाडी गेली आणि मागच्या चाकावरचा जोड सुटला. तुकडा लोंबून चाकाला घासला, आणि काळा चिखल उघड्या बाजूने आत उडाला. मुलीच्या फ्रॉकवर, तोंडावर, हातातल्या फुलांवर.

ती आधी रडलीच नाही. नुसती फ्रॉककडे बघत राहिली. तिचे वडील खाली उतरले. मला वाटलं, आता हे मार खाणार. पण तो भला माणूस होता. म्हणाला, “अरे, सणाच्या दिवशी तरी नीट गाडी काढायची.” एवढंच. यांनी खिशातला रुमाल काढून पुढे केला, तो त्याने घेतला नाही. मागून एक टांगा येत होता, त्याला हात केला. टांगा सासऱ्यांचा होता.

सासऱ्यांनी खाली उतरून त्या मुलीला उचलून वर बसवलं. आपल्या खांद्यावरच्या पंच्याने तिचं तोंड पुसलं. मुलगी तेव्हा रडायला लागली. “रडू नको बाय, तुला वेळेत पोचवतो,” असं म्हणून त्यांनी घोडा हाकला. यांच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. हे लोंबणारा तुकडा हातात धरून रस्त्यात उभे होते. मी फुलांची टोपली तिथेच टाकून त्यांच्याजवळ गेले. ते म्हणाले, “तू फुलं बघ जा. गाई खातील.”

दुसऱ्या दिवशी हे मुंबईला भंगार बाजारात गेले आणि कुठल्यातरी वेगळ्याच गाडीची मडगार्डं घेऊन आले. ती बसेनात. भोकं जुळत नव्हती, कमान मोठी होती. कडा करवतीने कापल्या, लोखंडी पट्ट्या वाकवून आधार केले, कित्येकदा लावली आणि काढली. त्यात यांचा अंगठा फाटला. अखेर बसली. ओबडधोबड दिसायची, पण चिखल अडवायची.

त्यानंतर काही दिवसांनी टांगा स्टँडवरचे म्होरके सासऱ्यांना भेटायला घरी आले. आडदांड गृहस्थ. स्टँडवर त्यांचा शब्द चालायचा. हे घरी नव्हते, जेवायला येऊन पुन्हा पायीच कुठे बाहेर गेले होते, रिक्षा अंगणात होती. मी चहा दिला. म्होरक्यांनी रिक्षाभोवती एक फेरी मारली, नव्या मडगार्डावर बोटाने टकटक केलं आणि हसून सासऱ्यांना म्हणाले, “ह्या खेपेला मजबूत बसवलंत.”

सासरेही हसले. ते हसणं बघून मला सगळं कळलं.

म्होरके गेल्यावर मी कप उचलता उचलता विचारलं, “बाबा, हेच होते ना?”

सासऱ्यांनी आपला रिकामा कप माझ्या हातात दिला. मग म्हणाले, “पोरी, मना रोज त्या स्टँडवर उभं राहायचं हाय. आजारी पडलो तर माझा टांगा कोन हाकेल? तुझा नवरा? त्याला लाज वाटते टांग्याची. ती मानसं हायेत म्हनून मी हाय.”

“आणि तुमचा मुलगा?”

“त्याने आपली वाट धरली. आता चालू दे त्याला.”

मी हे यजमानांना सांगितलं. सांगायला नको होतं असं मला कधीच वाटलं नाही, आजही वाटत नाही. ते चिडले नाहीत, बापाला जाब विचारायला गेले नाहीत. त्यांनी मला फक्त चूल वेगळी मांडायला सांगितली. त्याच घरात, मधल्या भिंतीच्या पलीकडे. त्या दिवसापासून बाप-लेकांचं बोलणं बंद झालं. सासऱ्यांचं जेवण मी नेऊन द्यायची. ते विचारायचे, “गेला का धंद्यावर?” मी म्हणायची, गेले. हेही विचारायचे, “जेवले का?” मी म्हणायची, जेवले. दोघांच्या मध्ये माझंच तोंड झिजलं.

पुढे टांगे संपले. ते व्हायचंच होतं. विरारकडून, नालासोपाऱ्याकडून माणसांचे लोंढे आले, त्यांना घाई होती. सासऱ्यांनी घोडा विकला आणि ओट्यावर बसून राहिले. ज्यांच्या भरवशावर मुलाला सोडलं, त्यातलं कोणी फिरकलं नाही. म्होरक्यांनी सगळ्यांच्या आधी दोन भाच्यांना रिक्षा घेऊन दिल्या. मग रिक्षावाल्यांची युनियन निघाली, आणि तिचे अध्यक्ष तेच झाले. स्टँडवर पाटी लागली, नारळ फुटला. रांगेत कोणी कुठे उभं राहायचं ते आता ते ठरवणार. यांना रांगेत जागा हवी होती, म्हणून यांनीही त्यांच्या गळ्यात हार घातला. घरी येऊन कितीतरी वेळ हात धुतले.

सासऱ्यांचं दुखणं लांबलं तेव्हा दवाखान्यात न्यायला आमचीच रिक्षा होती. हे पुढे, मागे मी आणि माझ्या खांद्यावर मान टाकलेले सासरे. खड्डा आला की हे गाडी अगदी हळू घ्यायचे. पण मागे वळून पाहायचे नाहीत. सासरे एकदा क्षीण आवाजात म्हणाले, “गाडी बरी चालवतो.” मी यांना ते ओरडून सांगितलं. यांनी ऐकलं की नाही, कळलं नाही. इंजिनाचा आवाज होता.

सासरे गेल्यावर अध्यक्ष भेटायला आले. अंगणात गावची माणसं बसलेली. त्यांनी यांच्या पाठीवर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “तुझा बाप सच्चा माणूस होता. मरेपर्यंत कोणाचं नाव घेतलं नाही.”

यांनी पाठीवरचा हात झटकला नाही. उठले आणि आत गेले. मी दारातच होते. आमच्याकडे दाराशी आलेल्या शत्रूलाही पाणी विचारतात. मी विचारलं नाही. अध्यक्ष थोडा वेळ थांबले, मग चपला घालून निघाले.

सासऱ्यांचे दिवस झाल्यावर हे पुन्हा स्टँडवर गेले, आणि अध्यक्षांनी नेमून दिलेल्या जागेवर रांगेत उभे राहिले.