पान दोनशे चाळीस

बद्रुद्दीन आमच्या सातपूरच्या कारखान्यात एकतीस वर्षं तपासणी विभागात होता. मी लेथवर सुटे भाग कातायचो. माझे किती जॉब त्याने परत पाठवले याची गणती नाही. मायक्रोमीटर लावायचा आणि म्हणायचा, "पुन्हा कर." भांडून उपयोग नसे. माप त्याचं बरोबर असे.

निवृत्तीनंतर आम्ही वाचनालयात वाचक गट काढला. महिन्याला एक पुस्तक, शेवटच्या रविवारी सकाळी चर्चा. नियम बद्रुद्दीननेच घातले. जे बोलाल त्याचं पान सांगा. ज्याचं पुस्तक वाचून झालं नाही त्याने बोलू नये आणि शेवटी सगळ्यांचे कप धुवावेत. आमचा रंगनाथ, बसचा निवृत्त कंडक्टर, त्याने सर्वांत जास्त कप धुतले आहेत.

दोन वर्षांपासून बद्रुद्दीनला काचबिंदू आहे. यंदा छापील ओळही दिसेनाशी झाली. त्याने कोणाला सांगितलं नाही. आपल्याच नियमाने आपण गटाबाहेर जाऊ, ही भीती. आणि त्या रविवाराखेरीज त्याला घराबाहेर पडायला दुसरं कारण उरलं नव्हतं. हे सगळं आम्हाला नंतर कळलं.

मार्चचं पुस्तक कृत्रिम बुद्धिमत्तेच्या फायद्या-तोट्यांवर होतं. सुवर्णाताई निवृत्त परिचारिका. त्या म्हणाल्या, "पेठ-सुरगाण्याच्या डोंगरी भागात एक्स-रे वाचायला डॉक्टर मिळत नाही. तिथे हे यंत्र जीव वाचवेल. पान अठ्ठावन्न."

रंगनाथ म्हणाला, "माझा पुतण्या द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये माल निवडायचा. आता कॅमेरा निवडतो. पुतण्या कोणत्या पानावर आहे ते विचारू नका."

मग बद्रुद्दीन बोलला. "लेखक म्हणतो, यंत्राची चूक पकडायला कामातला माणूस लागतोच. पान दोनशे चाळीस."

सुवर्णाताईंनी पुस्तक चाळलं. "भाई, पुस्तक दोनशे सोळा पानांचं आहे."

"घ्या! तपासणीवाल्याचाच जॉब रिजेक्ट!" रंगनाथ हसला. दुसरं कोणी हसलं नाही.

बद्रुद्दीनने चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. सून झेबाने त्याला फोनशी बोलायला शिकवलं होतं. त्याने पुस्तकाचं नाव सांगितलं, फोनने सारांश सांगितला, पानांच्या आकड्यांसकट. "इतकं ठाम बोलला, की मी तपासलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा न मोजता माल सोडला."

तो उठून कप गोळा करू लागला.

"ठेवा ते, भाई. डोळ्यांचं आधी सांगायचं नाही का?" सुवर्णाताई म्हणाल्या.

"नियम डोळे बघून केला नव्हता, ताई."

मोरीवर त्याने प्रत्येक कपाच्या आतून बोट फिरवून पाहिलं. दोन पुन्हा धुतले. मी पुसत होतो. मला म्हणाला, "पुढच्या महिन्यापासून येत नाही."

मला राग आला. "माझा जॉब परत यायचा तेव्हा मी घरी जायचो का? पुन्हा कर."

"दिसत नाही रे."

"ऐकू येतं ना? मग सारांश कशाला? अख्खं पुस्तक ऐक."

त्याने शेवटचा कप माझ्या हातात दिला.

पुढचं झेबाकडून कळलं. तो खिडकीजवळ टेबल ओढून बसला. एकेक पान सपाट दाबायचं, फोटो काढायचा, मग फोन ते मोठ्याने वाचणार. कडेला अंगठा आला की ओळ तुटायची. मग परत फोटो. पान उलटलं की आकडा तोंडाने म्हणायचा, चुकू नये म्हणून. दोनशे सोळा पानांना बावीस दिवस लागले. झेबाने मदत करू का म्हटलं तर नको म्हणाला.

एप्रिलच्या रविवारी तो आला. नवं पुस्तक सुरू होण्याआधी त्याने पाच मिनिटं मागितली.

"मी सांगितलेलं वाक्य पुस्तकात कुठेच नाही. सगळं ऐकलं. जवळचं आहे ते एकशे तेहतीसवर. तिथे लेखक उलटंच म्हणतो. यंत्रावर देखरेखीला बसवलेला माणूस हळूहळू तपासणंच सोडतो आणि नुसती मान डोलावतो."

सुवर्णाताईंनी पान काढलं. बोट ठेवून वाचलं. "बरोबर आहे, भाई."

"आणि ह्या महिन्याचं पुस्तक?" रंगनाथने विचारलं.

"सत्तर पानं झाली."

"म्हणजे पुरं नाही." रंगनाथने चहाचा ट्रे उचलून त्याच्यासमोर ठेवला. "मग आज बोलायचं नाही, भाई."

बद्रुद्दीन चर्चा संपेपर्यंत गप्प बसला. मग त्याने सगळ्यांचे कप धुतले.