जपानी खाऊचं निमित्त

थळला आमचे शेजारी मालवाहू बोटीवर खलाशी होते. सुट्टीवर आले की ओटीवर बसून जपानी खाऊचा डबा उघडायचे. आत तांदळाच्या पिठाचे तांबूस, तिखट तुकडे. प्रत्येकाच्या हातावर एकच ठेवायचे आणि दाताखाली तो कडाडला की खूश व्हायचे. "काय बीए, हाय का असं काय तुमच्या पुस्तकात?" गावातला पहिला पदवीधर मी, पण खाऊ झकास होता, हे मान्य करावंच लागे.

परत बोटीवर कशाला जाता, असं कुणी विचारलं की म्हणत, "ह्या खाऊसाठी. हितं मिलतो व्हय?"

वहिनींनी ते खरंच मानलं. नवरा घरी राहावा म्हणून तांदळाच्या पिठात मिरची घालून, पुन्हा पुन्हा बिघडवत, एकदाचे त्यांनी तसेच तुकडे तळले. माझ्यादेखतच ताटली नवऱ्यापुढे ठेवली. शेजाऱ्यांनी एक चावला, डोळे मिटले.

"जपानात बी असं न्हाय मिलत!"

वहिनी मोकळ्या हसल्या. "मंग आता ऱ्हाल ना घरी?"

"सोमवारी बोट सुटते," दुसरा तुकडा उचलत ते म्हणाले, "डबाभर तळून दे."