वायरी उपटणारे मामा

कॉम्प्युटरसमोर बसले की मामा आधी कीबोर्ड बाजूला सारत आणि मागच्या सगळ्या वायरी उपटून काढत. प्रिंटर, स्कॅनर, पेनड्राइव्ह, जे असेल ते. "पावणं सगळं भाईर," म्हणत. "घरधन्याला जरा एकटं बसू द्या." मग कॉम्प्युटर बंद, भिंतीवरचं बटण बंद, आणि चहा. चहा संपेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. संपला की एकेक पाहुणा आत. ज्याला आत घेताना यंत्र अडखळेल, तो आजारी.

शिरोली एमआयडीसीतल्या लोखंड ओतणाऱ्या एका लहान फौंड्रीत मी प्रयोगशाळा सांभाळते. मामा आमचे नोकर नव्हते. जुन्या स्कूटरवरून आसपासच्या कारखान्यांत फिरायचे. हँडलला कापडी पिशवी. तिच्यात तीन वायरी, एक दाढीचा ब्रश, एक जुना माउस.

"एवढ्यावर भागतं?" मी एकदा विचारलं.

"निम्मी दुखणी वायरीची, मॅडम. उरलेली खोबणीची."

"आणि कॉम्प्युटरची?"

"त्यो बिचारा काय करणार? त्येला पावणा वळखू येत न्हाय, आसं त्यो खरं सांगतोय. तुम्हीच त्येला शिव्या घालताय."

ऑफिसात काम केलेल्या कुणालाही ठाऊक असेल, तिथे कधीच कुणी काही केलेलं नसतं. यंत्रं आपोआप बिघडतात. मामा मात्र दर वेळी विचारत, "काय हलवलासा?" आणि दर वेळी उत्तर येई, "काही नाही." आमच्या हिशेबनिसांचा प्रिंटर एकदा सकाळपासून मुका होता. त्यांनीही शपथेवर काही हलवलं नव्हतं. मामा टेबलाखाली वाकले आणि बराच वेळ तिथेच राहिले. प्रिंटरची वायर मोबाइलच्या चार्जरमध्ये खोचलेली होती.

"साहेब," खालूनच आवाज आला, "प्रिंटर किती टक्के झाला बघा की."

हिशेबनीस आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. मामांनी मात्र ही गोष्ट कुठे सांगितली नाही. सांगितली ती मी.

आता माझी पाळी.

खंडेनवमीला आमच्याकडे भट्टीपासून वजनकाट्यापर्यंत सगळ्यांची पूजा होते. प्रयोगशाळेत स्पेक्ट्रोमीटर आहे. वितळलेल्या लोखंडाच्या नमुन्यात कार्बन किती, सिलिकॉन किती, ते हे यंत्र कॉम्प्युटरवर दाखवतं. त्या वर्षी झेंडूची माळ नीट बसेना, म्हणून मी त्याची कॉम्प्युटरकडची वायर काढली. माळ घातली, हळदकुंकू वाहिलं, वायर परत खोचली आणि घरी गेले.

दसऱ्यानंतरची पहिली भट्टी. लोखंड वितळलं, नमुना आला, आणि स्क्रीनवर ओळ उमटली, की जोडलेलं उपकरण ओळखता आलं नाही. नमुन्याचा आकडा हातात आल्याशिवाय लोखंड साच्यात ओतता येत नाही. तसंच ओतलं तर सगळा माल भंगारात. आणि वितळलेलं लोखंड भट्टीत फार वेळ ठेवता येत नाही. एकेका मिनिटाला त्यातला कार्बन कमी होत जातो. भट्टीवाला दारात येऊन उभा. मालक माझ्या खुर्चीमागे.

मामा शेजारच्याच कारखान्यात होते. आले, वायरी उपटल्या. त्या दिवशी चहा मागवला नाही, एवढ्यावरूनच मी काय ते समजले.

"काय हलवलासा?"

मालक मागे उभे होते. मी म्हणाले, "काही नाही."

मामांनी मान डोलावली. हातातल्या वायरीचं टोक नाकाशी नेलं, हुंगलं, आणि ती सरळ पिशवीत टाकली. स्वतःची वायर काढली, वेगळ्या खोबणीत लावली, कॉम्प्युटर चालू केला. स्पेक्ट्रोमीटर बोलायला लागलं. कार्बन किंचित कमी भरला. भट्टीवाल्याने भर घातली, दुसरा नमुना बरोबर आला, आणि लोखंड साच्यात गेलं.

"झालतं काय?" मालकांनी विचारलं.

"वायर," मामा म्हणाले. दाढीच्या ब्रशने ते जुनी खोबण साफ करत होते. ब्रश पिवळा झाला होता. तो त्यांनी मुठीत धरूनच बाहेर नेला.

मी आभार मानले नाहीत. मानले असते तर कशाबद्दल, ते सांगावं लागलं असतं.

पुढे तीन वर्षं ते येत राहिले. त्या दिवसाचा विषय ना त्यांनी काढला, ना मी. गेल्या वर्षी गुडघ्यांनी स्कूटर सोडायला लावली आणि ते मलकापूरकडे आपल्या गावी गेले. आता एक इंजिनिअर येतो. हुशार आहे. कोणाला काही विचारत नाही.

परवा नव्या स्पेक्ट्रोमीटरचा विषय निघाला. मालक म्हणाले, "आहे ते चांगलंय की. एकदाच काय ती वायर जुनी झालती." एवढ्या भाबडेपणाने म्हणाले की मला राहवेना. सांगून टाकलं: वायर जुनी नव्हती, पूजेच्या ताटात पडून तिच्या टोकाला ओली हळद लागली होती, आणि तशीच खोचणारी मी.

मालक हसले. "मी यंत्राच्या कंपनीला तक्रार लिहिणार होतो, मॅडम. मामांनी त्याच दिवशी गेटवर अडवलं. म्हणाले, लिहू नका, हळद हाय. पर बाईंना काय बोलू नका, त्या आपणहून येऊन सांगतील."

त्याच दुपारी मी मामांना फोन लावला. मागे म्हशी ओरडत होत्या.

"मामा, मालकांना सांगितलं मी."

"कशाचं?"

"हळदीचं."

पलीकडे मामांनी आधी एका म्हशीला दटावलं.

"आज व्हय?" मामा म्हणाले. "मी आपलं त्यांना दोन दिवसाचा वायदा दिलता." मग कुणाला तरी पेंड भिजवायला सांगितली आणि फोन ठेवून दिला.