माझ्या नंबरावर आत कोण गेलं

अक्षर वाईट आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकलं असेल, माफ करा. शाळा चौथीपर्यंतच झाली. माझं नाव छापू नका. भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, अंगात येणाऱ्या बायका मला ढोंगी वाटतात. तरी हे माझ्याच बाबतीत घडलं.

मालक वारल्यापासून मी मंगळवार पेठेत थोरल्या जाऊबाईंकडे राहते. त्यांना आक्का म्हणते. घरी बसून चपलांवर लावायच्या चामड्याच्या वेण्या विणते, तेवढीच कमाई. मला शुगर आहे, थायरॉईड आहे. पहाटे छाती धडधडून जाग येते, कधी झोपच येत नाही... उद्या आपण उठलोच नाही तर, एवढंच डोक्यात. बाहेरून आणायच्या गोळ्यांना आक्का उसने पैसे देत. प्रत्येक पाकिटामागे ऐकून घ्यावं लागे, म्हणून मी गोळी एक दिवसाआड खायची. हे कुणालाच सांगितलं नव्हतं.

सरकारी दवाखान्यात आक्का सोबत यायच्या आणि डॉक्टरांपुढे त्याच बोलायच्या. "हिला काय हुतंय? दोन टायमाला जेवती. नुसता इचार करत बसती." मी खाली मान घालून ऐकायची.

त्या दिवशी आक्का लग्नाला पेठ वडगावला गेल्या होत्या. मी एकटीच गेले. तिथे उभं राहवत नाही म्हणून लोक रांगेत आपल्या चपला ठेवतात आणि बाकावर बसतात. मीही ठेवल्या. नऊ वाजले होते. भिंतीला डोकं टेकलं आणि... कित्येक महिन्यांनी गाढ झोप लागली.

जाग आली तेव्हा पावणेबारा. रांग संपलेली. चपला माझ्या पायांपाशी नीट जोडून ठेवलेल्या. मांडीवर केसपेपर, त्यावर ताजं लिखाण. मला इंग्रजी येत नाही. औषधाच्या खिडकीतल्या दादांनी वाचून दाखवलं — गोळी एक दिवसाआड घेते. पहाटे धडधड. मरणाची भीती वाटते. घरी बोलता येत नाही.

मी तशीच डॉक्टरबाईंकडे गेले. "मी आत आलेच नाही, बाई."

"अहो मावशी, मघाशी पंधरा मिनिटं बोलत बसला होता की. एवढं नीट कोण सांगत नाही मला."

शेजारची सिस्टर हसली. "मीच की बोटाला टोचून शुगर बघितली. झोप न्हाई म्हणून इसरला असशीला."

मी दहाही बोटं तिच्यापुढे धरली. एकावरही खूण नव्हती. तिने दोनदा बघितलं, मग कामाला लागली.

लोक म्हणतील, झोपेत चालत गेली असेल. पण मला जागेपणी डॉक्टरांपुढे स्वतःचं नावसुद्धा सांगायला जमत नाही. आणि बोटाचं काय? माझ्या वतीनं आयुष्यात पहिल्यांदा कुणी खरं बोललं, तर ते माणूस होतं का तेही मला ठाऊक नाही. घरच्या माणसांना काही ते जमलं नाही.

आक्कांनी केसपेपर शेजारच्या मुलीकडून वाचून घेतला. "माझ्याच पैशाच्या गोळ्या, आन् मीच वाईट व्हय?"

"सगळं परत करते," मी म्हणाले. त्या घरात एवढ्या मोठ्याने कधी बोलले नव्हते.

तेव्हापासून गोळी रोज घेते, वेण्या जास्त विणते. चार-पाच तास झोप लागते, कधी तेवढीही नाही. त्या दिवसाचा उलगडा अजून झालेला नाही.

गेल्या सोमवारी शेवटचे चारशे रुपये आक्कांच्या हातात दिले. त्यांनी नोटा उजेडाला धरून बघितल्या.

"फिटलं," म्हणाल्या.

"सगळं?"

"व्हय, सगळं."