फाटल्या आवाजाची कॅसेट

हे मी कोणापाशीच बोललो नाही. बायकोपाशीही नाही. दवाखान्यात तिचा हात धरून शेवटचे चार दिवस बसलो होतो, तेव्हा दोनदा तोंडापर्यंत आलं होतं. गिळून टाकलं. आता तुमच्यापाशी बोलतो, काहून की तुम्ही मले ओळखत नाही अन् मलेही तुमचं तोंड दिसत नाही. ओळखीच्या माणसापुढं माही मान खाली जात नाही. तिले सवयच नाही.

आधी सोपं ते सांगतो. मले खराब आवाजाच्या कॅसेटी आवडतात.

हसू नका. माह्या खोलीत पत्र्याची एक पेटी आहे, ती अशा कॅसेटीयनं भरली आहे. एकीत गाण्याच्या मागून जनरेटर घुमत राहते. एकीत बाजाच्या पेटीचा एक सूर अडकला, तो भजन संपेपर्यंत कण्हत राहिला. एकीत माईकचा खांब धाडकन पडते, बाया ओरडतात, अन् गाणारा थांबत नाही. चाळीस वर्षं मी माईकवाला होतो. आमच्या वाडी गावापासून बुटीबोरीपर्यंत लग्नं, भजनं, सप्ते — झाडावर भोंगे बांधायचे, खाली मशीनपाशी बसायचं, जमलं तर कॅसेट भरून घ्यायची. माहा पोरगा मोबाइलवर गाणी लावते, एकदम साफ. मी त्याले म्हणतो, हे घासून पालथ्या घातलेल्या भांड्यासारखं आहे, यात कोणी जेवलं होतं असं वाटते काय? तो म्हणते, "बाबा, भोंग्याखाली बसून बसून तुमचे कान गेले."

गेले असतील. पण मी ऐकत नाही. खरं गाणं खरखरीतच असते, हे मी चहाच्या टपरीवर, सोयऱ्यायच्या घरी, जिथं तिथं सांगत आलो. भांडलो यावरून. इतक्या जोरानं काहून सांगतो, हे मात्र मले कधी कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर?

त्या पेटीतली एक कॅसेट सगळ्यायच्या वर असते. सुखदेवची.

सुखदेव वाडीच्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात हमाल होता. दिवसा पोती उचलायचा, सुट्टी असली की खंजिरी घेऊन भजनाले बसायचा. गाणी त्याची स्वतःची. सासू-सुनेवर, दारूवर, म्हाताऱ्या माय-बापाले न विचारणाऱ्या पोरायवर. हसवता हसवता असा एक शब्द टाकायचा की बाया पदर तोंडाले लावत. माहा दोस्त होता. दोस्त म्हणायचा हक्क मले आहे की नाही, ते तुम्ही पुढं ठरवा.

त्या कॅसेटीत तिसरं गाणं आहे. त्यात सूर वर चढते अन् एका जागी आवाज टर्रकन फाटते, कोरं मांजरपाट फाडावं तसा. सुखदेव थांबत नाही. फाटल्या आवाजानंच पुढं म्हणत जाते, खंजिरी इतकी जोरात हाणते की तिचाही आवाज फुटते, अन् मागं पत्र्याचं छत उन्हानं कडकड वाजत राहते. ती जागा आली की माह्या अंगावर काटा येते. आजही. माह्याकडच्या कोणत्याच साफ कॅसेटीत असं काही नाही.

तो आवाज फाटला कसा — हेच ते.

लकडगंजचा एक कॅसेटवाला म्हणला होता की एक चांगला नमुना भरून आणा, जमला तर सुखदेवच्या नावानं कॅसेट काढतो. त्याच हप्त्यात सुखदेवचा गळा बसला. लागोपाठ तीन लग्नायमध्ये तो गायला होता. डॉक्टरनं सांगितलं, आठ-दहा दिवस बोलूही नका. पण भरायले गोदाम रिकामं मिळणार होतं ते त्याच रविवारी, शेठनं चावी दिली होती. मग ठरलं की एकदाच म्हणायचं, मोजकं म्हणायचं, अन् मग पंधरा दिवस तोंड बंद. आधीचे दोन दिवस तो एक शब्द बोलला नव्हता. गोदामात आला तोही हातवारे करत. पाणी मागितलं ते हातानं. मले रामराम केला तोही हातानंच.

मे महिन्याची दुपार. माह्याकडं तेव्हा कॅसेट भरायची नवीन मशीन आली होती. जुनीच, पण माह्यासाठी नवीन. आवाजाचा जोर दाखवणाऱ्या सुया असलेली. मी कोणाले हात लावू देत नव्हतो. ढोलकी वाजवायले भाऊराव होता, त्याची जीभ लई चालायची. म्हणे, "बटनं पाह्य बाप्पा किती! चौथी पास इंजिनेरले एवढी बटनं झेपतात काय गा?" सगळे हसले. सुखदेवही हसला, बिनआवाजाचा. मी हसलो नाही. मी चौथीही पास नव्हतो, हे भाऊरावले माहीत नव्हतं.

त्या मशीनचं असं होतं — दोन बटनं संगच दाबली की लाल दिवा लागून भरणं चालू. तिसरं एक बटन टेप जागच्या जागी थांबवून ठेवायचं. ते दाबलेलं असलं तरी लाल दिवा जळतच राहते, सुया नाचतच राहतात, फक्त टेप फिरत नाही. खंजिरी माईकपासून किती दूर पाहिजे, ते पाहायले मी ते तिसरं बटन दाबलं होतं. ते सोडायचं राहून गेलं. उन्हात मशीन तापते म्हणून आम्ही माईकवाले तिच्यावर ओला दुपट्टा टाकतो. तसा टाकला होता, कॅसेटची खिडकी त्याच्याखाली झाकलेली. मी सुया पाहत बसलो. सुया सुंदर नाचत होत्या.

अन् सुखदेव गायला. दोन दिवस जपून ठेवलेला आवाज होता तो. मऊ, संथ, कुठं जोर नाही. भाऊरावनं एकदा बाहीनं डोळे पुसले, एवढं मले आठवते.

अर्धा तास झाला. बाजू संपली की खट आवाज होते, त्याची मी वाट पाहत होतो. झाला नाही. दुपट्टा उचलला. टेप जिथं लावली होती, तिथंच होती.

काय बोलायचं होतं मले? "माही चूक झाली, गड्यांनो. पुढच्या सुट्टीले भरू." एवढंच ना? शेठले पुन्हा हात जोडले असते, त्यानं पुन्हा चावी दिली असती. सुखदेव तर हसलाच असता. पण भाऊराव माह्याकडं पाहून राहिला होता. ओठ हसण्याच्या तयारीत.

मी ते बटन गुपचूप सोडलं. अन् म्हणलो, "सुखदेव, जान नाही गा. आज तुह्या आवाजात जानच नाही. कॅसेटवाला हे फेकून देईन."

मग भाऊराव म्हणला, "डोकं फिरलं काय बे तुहं? आमच्या डोळ्याले पाणी आलं!"

मी म्हणलो, "तुम्ही समोर बसून ऐकता, मी मशीनमधून ऐकतो. मशीनले जे समजते, ते तुमच्या कानाले समजत नाही."

माह्या पुऱ्या जिंदगीत पहिल्यांदा असं झालं होतं की मी बोललो अन् सगळे चूप झाले. ते मले गोड लागलं. हेही लिहून ठेवतो.

गाणं सोडलं तर दोन दिवसायत सुखदेवच्या तोंडातून हा पहिलाच शब्द निघाला. "लाव मशीन."

दुसऱ्या बारीले तो गायला ते रागानं. दर ओळीनंतर माह्याकडं पाहायचा — आता? आता आली काय जान? मानेच्या शिरा दोरखंडावानी फुगलेल्या. अन् मी काय करत होतो? हातानं खूण करत होतो. अजून. अजून वर. काहून केलं असं? टेप तर आता फिरत होती, माहं काम भागलं होतं. पण एकदा खोटं बोललो होतो, ते खरं करून दाखवायले पहिल्यापेक्षा दुसरं चांगलं व्हायलेच पाहिजे होतं. अन् ते होतही होतं — मले मजा येत होती. तिसऱ्या गाण्याले आवाज फाटला, तेव्हाही मी हात खाली केला नाही. दुसरी बाजूही भरली.

त्याचा आवाज परत आला नाही. महिना गेला, वर्ष गेलं. मोठ्या दवाखान्यात दाखवलं. कानापाशी येऊन बोलला तरच समजायचं, डब्यात रेती हलवल्यासारखं. कॅसेटवाल्यानं एक मिनिट ऐकलं अन् कॅसेट परत दिली, आवाज फाटला आहे म्हणे, भरलंही खराब आहे. ट्रकवाल्यायनं मात्र तिच्यावरून दुसऱ्या कॅसेटी भरून भरून ऐकल्या. मूळ कॅसेट माह्यापाशी राहिली.

आवाज कशानं गेला, हे लोक विचारत. सुखदेव दिवसाले चार-पाच बिड्या ओढायचा. तेवढ्या तर सगळेच ओढत. पण टपरीवर पहिल्यांदा कोण म्हणलं की बिड्यायनं आवाज खाल्ला? मी. इतक्या वर्षायचा माईकवाला म्हणते तर खरंच असन, असं त्याच्या बायकोलेही वाटलं. घरात रोज भांडण. त्यानं बिड्या सोडल्या, आवाज आला नाही. मग दारू आली. अन् ती आल्यावर लोकायनं हिशेब उलटा लावला — दारूनंच आवाज गेला. मी त्यालेही हो म्हणलो.

बऱ्याच वर्षायनं बुटीबोरीत एका सूतगिरणीच्या फाटकावर तो भेटला. चौकीदार होता. मी एका लग्नाचा माईक घेऊन चाललो होतो. त्यानं मले बाजूले घेतलं, तोंड कानाले लावलं अन् म्हणला, "एक विचारू काय गा? त्या दिवशी पहिल्या बारीले... खरंच जान नव्हती काय?"

इतकी वर्षं तो हेच उगाळत बसला होता. मले वेळ होता. बाजूनं ट्रक जात होते, दुसरं कोणी ऐकणार नव्हतं, भाऊरावही तोवर मेला होता. लाज वाटावी असा एकही माणूस तिथं नव्हता, सुखदेव सोडून.

मी म्हणलो, "नव्हती."

त्यानं मान हलवली. "मलेही तसंच वाटलं होतं," म्हणला.

दोन वर्षायनं तो गेला.

यंदा उन्हाळ्यात त्याची पोरगी आली, कुसुम. वाडीतच राहते, एका गोदामात पॅकिंगचं काम करते. म्हणे, "काका, कॅसेटीतली खरखर आता काढता येते. दोन दिवसासाठी द्या." मी आधी नाही म्हणलो, मग दिली. तिनं मोबाइलवर आणून ऐकवली. छताची कडकड गेली. खंजिरी नीट झाली. अन् ती जागा, फाटायची — तिथं कोणीतरी इस्त्री फिरवल्यासारखं. मी भडकलो. "मारून टाकलं वं त्याले!"

ती शांतपणे म्हणली, "त्यानं स्वतःच मारलं काका स्वतःले. एवढा गळा भेटला होता, बिड्यायत अन् दारूत फुकला. म्हणून तर मी त्याचा फोटो घरात लावला नाही. पोरायले काय सांगू, हा कोण म्हणून?"

मी काय म्हणलो असन? मी म्हणलो, "त्याले कोण समजावणार होतं, बाई."

म्हणजे अजून एकदा.

ती गेल्यावर मी ती कॅसेट लावली. मूळची, खरखरीची. ती जागा आली अन् काटा आला. सगळं माहीत असून येते. तिथं माह्या दोस्ताचा गळा तुटून राहिला आहे अन् तो माह्या हाताच्या खुणेवर तुटून राहिला आहे, अन् मले आवडते. तुम्ही म्हणाल, पश्चात्तापानं ऐकत असन म्हातारा. नाही. आवडते म्हणून ऐकतो.

पहिल्या बारीचं गाणं आठवायले मी मग बसलो. भाऊराव नाही, सुखदेव नाही, टेपवर तर ते कधी उतरलंच नव्हतं. या जगात ते कुठं असन तर फक्त माह्या कानात. डोळे मिटून लई वेळ बसलो. येत नाही. दुसरीच बारी ऐकू येते. ऐकून ऐकून मी तिच्याखाली पहिली पुसून टाकली.

कुसुमचं घर माह्या घरापासून पायी पंधरा मिनिटं आहे. तीन महिने झाले. मी गेलो नाही, अन् जाईन असंही इथं लिहीत नाही.