पाच हातांखाली

देवराव आणि मी कत्तलखान्यात खड्डे खणायचो. म्हशी-रेड्यांची तपासणीत नापास झालेली फुप्फुसं आणि कलेज्या पुरायच्या. खड्डा पाच हात खोल, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून. वर चुना, वर मुरूम, मग धुम्मसाने ठोकायचं. मी चार हातांवर थांबलो की देवराव म्हणे, "कुत्र्याले अक्कल नसते. तुले तं आहे ना गा?"

त्या फुप्फुसांत पाण्याचे पांढरे गोळे असत, सोललेल्या अंड्यासारखे. तपासणीचे डॉक्टर मधुसूदनसाहेब ते पाणी काचेत धरून दाखवत. तळाशी बारीक वाळू दिसे. ती वाळू जिवंत. कुत्र्याने खाल्ली की त्याच्या पोटात जंत होतात. त्या जंतांची अंडी माणसाच्या तोंडात गेली की माणसाच्या आत गोळा धरतो.

एकोणऐंशी साली देवरावच्या बायकोच्या, जयवंताच्या, यकृतातून तसाच गोळा निघाला. नारळाएवढा. कित्येक वर्षं वाढत होता म्हणे.

"डाव्या कुशीवर झोपली का आत कोणी सरकून बसे," खाटेवरून ती म्हणाली. "मले वाटे, आपल्या मुकुंदाच्या पाठचं राहिलं."

देवराव दवाखान्याच्या पायरीवर बसून होता. "मी पुरलेलं हिच्यात काहून निघालं?"

गोळ्यातलं पाणी बरणीत घेऊन आम्ही रामदासपेठेतून मधुसूदनसाहेबांकडे सायकलींवर निघालो. देवरावच्या हँडलला बरणी. रस्त्यात खड्डा आला की वाळू उठे आणि सावकाश खाली बसे.

मधुसूदनसाहेबांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, बराच वेळ मोजमाप केलं.

"जंत एकच, पण कुळं निराळी. म्हशीतलं वेगळं, शेळी-बोकडातलं वेगळं. या वाळूतल्या जंतांच्या डोक्यावरचे वाकडे काटे बोकडातल्यासारखे आहेत. तुम्ही कधी बोकड पुरला?"

"नाही साहेब. म्हशीच."

"मग बहुतेक तुमच्या खड्ड्यातून आलं नाही."

मला हायसं वाटलं.  देवराव अर्ध्या रस्त्यात सायकलवरून उतरला.

"नवसाचा बोकड," तो म्हणाला.

मुकुंद झाल्यापासून दर आषाढात त्याच्या अंगणात बोकड कापला जाई. खराब निघालेलं फुप्फुस-कलेजं जयवंता दारच्या कुत्र्याला टाकी. तोच कुत्रा तिच्या हातची भाकर खाई, तिचे हात चाटी.

"तिथं पाच हात," देवराव म्हणाला, "अन् घरी वीतभरही नाही."

नवस मोडता येत नाही. आषाढात बोकड आणला, पण आधी खड्डा. आम्ही दोघांनी खणला. बोकड काठावर बांधलेला, आत पाहत उभा.

त्याच्या फुप्फुसात तीन गोळे निघाले. पुरले. चुना, मुरूम, धुम्मस.

जयवंता दारात उजवी कूस दाबून उभी होती. "पुरलं?"

"पाच हात."

कुत्रा येऊन त्या जागेवर बसला. उकरलं नाही. मान वाकडी करून, जमिनीला कान लावून होता.