मांड, मग बोल

गुरुजी उत्तर कधीच आधी सांगत नसत. चिंचोक्यांचा डबा पुढं सरकवायचे आणि म्हणायचे, "मांड, मग बोल."

असे गुरुजी तुम्हीही पाहिले असतील, पण हा डबा पाहिला नसेल. त्यात दहा चिंचोके उभे फोडलेले होते, एका अंगानं काळे, एका अंगानं पांढरे. बाकीचे अख्खे. एकानं ते दहा फेकायचे; जितके पांढरे पडतील तितक्या ओळी. मग दुसऱ्यानं फेकायचे. जितके पांढरे, तितके चिंचोके एकेका ओळीत. मांडून होताच जो आधी आकडा सांगेल त्याचा डाव. तामलवाडीच्या त्या शाळेत गुरुजी एकटेच होते. शाळा सुटली तरी आम्ही सारवलेल्या जमिनीवर पालथे पडून खेळत राहायचो.

"चोपन्न!" मी ओरडायची.

"चोपन्न," गुरुजी सावकाश म्हणायचे. "बरोबर. चोपन्न."

मला वाटायचं, माझं कौतुक चाललंय.

गुरुजींचं सगळं शिक्षण निजामाच्या काळात उर्दूतून झालेलं. बोलणं आमच्यासारखंच, पण हिशेब ओठांवर उर्दूतच यायचा. राज्य गेलं, शाळा मराठी झाली आणि चाळिशी ओलांडलेल्या या माणसाला 'नौ छक्के चव्वन' सोडून 'नऊ सक चोपन्न' धरावं लागलं. ते आमच्याकडून शिकत होते, हे मला फार उशिरा कळलं.

बायको वारलेली, मूलबाळ नाही. शाळेमागच्या खोलीत राहायचे. दिवेलागणीला आई मला न्यायला यायची. "अगं, चल की आता. गुर्जींना भाकरी तरी थापू दे."

"राहू द्या हो वहिनी," गुरुजी म्हणायचे. "एकट्याचीच भाकर. तिला कसली घाई?"

एका वर्षी तपासणीला साहेब आले. म्हणाले, "गुरुजी, नवाचा पाढा तुम्ही म्हणा. पोरं मागनं म्हणतील."

गुरुजी पंचेचाळीसपर्यंत आले आणि थांबले. ओठ हलले, आवाज निघेना. मला राहवलं नाही. "नऊ सक चोपन्न!" मी ओरडले आणि सगळा वर्ग माझ्यामागं नव्वदपर्यंत धावला.

साहेब हसले. "वा गुरुजी! पोरांनी लई चांगलं तयार केलंय तुम्हाला."

आम्हीही हसलो. गुरुजींना वाचवलं म्हणून खूश होतो.

दुसऱ्या दिवशी डबा वरच्या फळीवर होता.

"गुर्जी, खेळायचं न्हाय का?"

"आता पुस्तकातनं पाठ करा." आवाजात राग नव्हता.

त्या दिवसापासून आईला मला न्यायला यावं लागलं नाही.

गुरुजींची नोकरी टिकली. पुढच्या जूनमध्ये परंड्याला बदली झाली. आमच्या घरातली पहिली पदवी मी घेतली, तेव्हा पेढे घेऊन परंड्याला गेले. ते तिथूनही गेले होते. कुठं, ते कुणाला नीट सांगता येईना.

बदलीच्या आधीचा एक रविवार मात्र डोळ्यांपुढून जात नाही. मी शाळेवरून चालले होते. खिडकीतून पाहिलं तर गुरुजी जमिनीवर बसलेले. एकदा उजव्या हातानं चिंचोके फेकले, एकदा डाव्या. नऊ ओळी, प्रत्येकीत सहा. मांडून झाल्यावर ते थांबले, आमच्यासाठी थांबायचे तसेच.

उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं. साहेबांपुढं एकदा मी ते मोठ्यानं म्हणून बसले होते. मी तशीच पुढं गेले.